एका रात्रीची धूळ आणि बारा वर्षांचं विधेयक

२५ नोव्हेंबर २०२२ची सकाळ. अमेरिकेत आदल्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या ईशान्येला, खाडीकाठच्या मार्टिनेझ गावात लोक उठून बाहेर आले, तर गाड्यांच्या टपांवर, कुंपणांवर, परसातल्या भाजीच्या पानांवर पांढुरकी, पिठासारखी भुकटी पसरलेली. त्या भागात वणव्यांची राख अधूनमधून पडते, त्यामुळे पहिल्यांदा कुणालाही राखच वाटावी. पण ती राख नव्हती. रात्री गावाला खेटून असलेल्या रिफायनरीच्या कॅटॅलिटिक क्रॅकरमधून, म्हणजे जड तेल फोडून पेट्रोलसारखं हलकं इंधन बनवणाऱ्या यंत्रातून, वापरलेला कॅटॅलिस्ट, म्हणजे ती क्रिया घडवणारी भुकटी, हवेत उडाला होता. थोडाथोडका नव्हे, २० ते २४ टन. त्यात ॲल्युमिनियम, बेरियम, क्रोमियम, निकेल, व्हेनेडियम आणि झिंक हे धातू होते.

कंपनीने त्या रात्री काउंटीच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, आरोग्य खात्याला कळवलं नाही. भोंगा वाजला नाही, फोनवर इशारा आला नाही. पुढे मार्च २०२३ मध्ये आरोग्य खात्याने रहिवाशांना सांगितलं, की मातीची तपासणी होईपर्यंत परसात पिकवलेलं खाऊ नका. उन्हाळ्यात अहवाल आला, मातीतला धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. पण मधले काही महिने लोकांनी स्वतःच्या वाफ्यातली पालेभाजी संशयाने पाहण्यात घालवले, ते त्यांना कुणी परत दिले नाहीत.

या प्रकरणात मला गुंतवून ठेवलं ते त्यानंतरच्या एका साध्या प्रश्नाने. अशा एका रात्रीची कायद्याने किंमत किती? आणि ती ठरवतं कोण?

हवेची राखण करणारी यंत्रणा तिथे आहे आणि चांगली जुनी आहे. बे एरिया एअर डिस्ट्रिक्ट १९५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलं. अमेरिकेतली ही पहिली प्रादेशिक हवा-प्रदूषण नियंत्रण संस्था. आपल्या डोळ्यांसमोर प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हटलं की अख्ख्या राज्याचं, सरकारने नेमलेलं मंडळ येतं. हे तसं नाही. कॅलिफोर्नियात असे ३५ हवा-जिल्हे आहेत, आणि बे एरियाचा जिल्हा खाडीभोवतालच्या ९ काउंट्यांपुरता. त्याचं संचालक मंडळ २४ जणांचं, आणि ते सगळे त्या त्या गावांचे महापौर, नगरसेवक, काउंटीचे पर्यवेक्षक, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले. गाड्या-ट्रकांचा धूर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाकडे. कारखाने, रिफायनऱ्या, सिमेंटच्या भट्ट्या, पेट्रोलपंप हे जिल्ह्याकडे.

जिल्ह्याचं रोजचं काम जवळून पाहिलं, तर ते फार कष्टाचं आणि बारकाईचं आहे. धुराचा काळेपणा मोजायला इन्स्पेक्टरांना दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते: उघड्यावर उभं राहून, सूर्य पाठीशी घेऊन, चिमणीतून निघालेला धूर किती टक्के अपारदर्शक आहे ते नुसत्या डोळ्यांनी सांगायचं, आणि ते यंत्राच्या आकड्याशी जुळावं लागतं. वासाची तक्रार आली तर इन्स्पेक्टर तक्रारदाराच्या दारात जातो, तिथे वास त्याला स्वतःला आला पाहिजे, मग वाऱ्याच्या उलट दिशेने माग काढत तो नेमका कोणत्या कारखान्यापाशी सुरू होतो ते शोधायचं. अशा बऱ्याच घरांच्या तक्रारी खऱ्या ठरल्या, की ‘सार्वजनिक उपद्रव’ म्हणून नोटीस निघते. नियम करण्याचा अधिकार जिल्ह्याला, मोजण्याचा जिल्ह्याला, नोटीस काढण्याचा जिल्ह्याला. फक्त दंडाची कमाल रक्कम तेवढी राज्याच्या कायद्यात लिहिलेली. ती बदलायची तर सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीत जाऊन विधिमंडळाकडे पदर पसरावा लागतो. हे सगळं प्रकरण त्या एका फटीत घडलं.

दंडाचा हिशेब

राज्याच्या आरोग्य आणि सुरक्षा संहितेत दंडाची शिडी आहे. सगळ्यात खालची पायरी म्हणजे दोष सिद्ध करावाच न लागणारी: प्रदूषण झालं एवढं दाखवलं की पुरे. तिथे फार वर्षं कमाल दंड दिवसाला १,००० डॉलर होता. त्यावरची पायरी मूळ कायद्यात १०,००० डॉलरची. पण कंपनीने आपला निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध केलं, तर ती खालच्या पायरीवर उतरते. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर २५,०००. माहीत असून दुरुस्ती केली नाही तर ४०,०००. जाणूनबुजून केलं तर ७५,०००. कुणाला गंभीर दुखापत झाली किंवा कुणाचा जीव गेला तर रकमा बऱ्याच वर चढतात.

कागदावर शिडी उंच दिसते. पण वरची प्रत्येक पायरी चढायला पुरावा लागतो: कंपनीच्या आतले ईमेल, देखभालीच्या नोंदी, अभियंत्यांच्या साक्षी. जिल्ह्याचे वकील मोजके, आणि रिफायनरीकडे वकिलांची कमी नसते. त्यामुळे बहुतेक प्रकरणं खालच्या पायऱ्यांवर तडजोडीने मिटतात.

आणि हिशेब दिवसाचा असतो. या एका शब्दाने सगळं फिरतं. मार्टिनेझची रिफायनरी दिवसाला सुमारे १ लाख ५७ हजार पिंपं तेल शुद्ध करू शकते. पिंपाला ७० डॉलर धरा, म्हणजे मिनिटाला साधारण साडेसात हजार डॉलरचं कच्चं तेल तिच्या नळ्यांतून जातं. १०,००० डॉलरचा कमाल दंड म्हणजे त्या कारखान्यातलं दीड मिनिटसुद्धा नाही. एका घटनेत दोन-चार नियम मोडले असतील तर दोन-चार नोटिसा निघतील, म्हणजे फार तर पाच मिनिटं. गावभर धूळ पसरवणारी रात्र एका तारखेत सुरू होऊन दुसऱ्या तारखेत संपते, म्हणून फार तर दोन दिवस मोजायचे.

याच्या उलट, हळूहळू आणि वर्षानुवर्षं चाललेल्या उल्लंघनावर हाच कायदा कडक होतो. याच जिल्ह्यातल्या बेनिशियाच्या वलेरो रिफायनरीतून पंधरा वर्षांहून अधिक काळ न नोंदलेले विषारी सेंद्रिय वायू बाहेर पडत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्हा आणि एअर रिसोर्सेस बोर्डाने मिळून त्यावर जवळपास ८ कोटी २० लाख डॉलरचा दंड वसूल करण्याचा करार जाहीर केला. जिल्ह्याच्या इतिहासातला हा तोवरचा सर्वांत मोठा दंड. दर तितकाच, पण दिवस हजारो. मला यात कायद्याचा खरा दोष दिसतो: त्याची कमाल मर्यादा काळ मोजते, एका क्षणात किती माणसांवर काय कोसळलं हे मोजत नाही. शेकडो घरांवर पडलेली धूळ आणि एका पंपाच्या सीलमधली गळती, दिवस एकच असेल तर दोन्ही जवळजवळ एकाच तागडीत.

रिचमंडची आग

हे जिल्ह्याला मार्टिनेझच्या धुळीतून कळलं असं नाही. दहा वर्षं आधीच कळलं होतं.

६ ऑगस्ट २०१२ रोजी खाडीकाठच्याच रिचमंड शहरातल्या शेव्हरॉन रिफायनरीत आठ इंची नळीतून गळती सुरू झाली. नळी १९७६ सालची, साध्या कार्बन स्टीलची. तेलातल्या गंधकाने ती आतून खात आणली होती, आणि स्टीलमध्ये सिलिकॉन कमी असल्याने ती आणखी वेगाने झिजली. कामगार गळतीजवळ असतानाच ती फुटली, वाफेचा ढग झाला, त्यात १९ कर्मचारी सापडले. सगळे बाहेर पडले, एकाचाही जीव गेला नाही, हे अक्षरशः नशीब. मग ढगाने पेट घेतला आणि काळा धूर खाडीवर चढला. पुढच्या दिवसांत सुमारे १५,००० लोक श्वासाच्या, डोळ्यांच्या, छातीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यांत गेले. एका छोट्या शहराएवढी ही माणसं. ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीने सहा फौजदारी आरोपांना आव्हान दिलं नाही आणि दंड-भरपाई मिळून २० लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

हवेच्या कायद्याखालचा दंड मात्र त्याच जुन्या शिडीवर अडकला. तेव्हा जिल्ह्याने ठरवलं, की नियम कितीही चांगले केले तरी शिडी दुसऱ्याच्या हातात असेल तर उपयोग नाही.

कॅलिफोर्नियात कुठलीही संस्था, नागरिकांचा गट किंवा सरकारी जिल्हा एखाद्या विधेयकाचा ‘स्पॉन्सर’ होऊ शकतो. विधेयक मांडतो आमदार, त्यावर नाव त्याचं. पण कल्पना, मसुदा, आकडे, समितीपुढची साक्ष, विरोधकांशी बोलणी हे स्पॉन्सर वाहून नेतो. एअर डिस्ट्रिक्टच्या संचालक मंडळाची विधिमंडळाच्या कामासाठी स्वतंत्र समिती आहे. ती दरवर्षी ठरवते की कशाला पाठिंबा, कशाला विरोध, आणि स्वतः काय पुढे रेटायचं. सरकारी संस्थेने असं लॉबिंग करावं का, हा प्रश्न काहींना पडतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या हातात मोजपट्टी आहे, त्याने मोजलेलं कायदा करणाऱ्यांपर्यंत पोचवलं नाही, तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरं कुणीतरी बोलतं. सॅक्रामेंटोत लॉबिंगवर सर्वाधिक खर्च करणाऱ्यांत तेल कंपन्यांची वेस्टर्न स्टेट्स पेट्रोलियम असोसिएशन वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत असते.

पहिला प्रयत्न एसबी ६९१ (एसबी म्हणजे सिनेटमध्ये मांडलेलं विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीत मांडलेलं). रिचमंड ज्यांच्या मतदारसंघात येतं त्या सिनेटर लोनी हॅनकॉक यांनी ते २०१३ मध्ये मांडलं. टायटल फाइव्ह परवाना (मोठ्या प्रदूषकांना केंद्राच्या हवा कायद्याखाली लागणारा परवाना) असलेल्या कारखान्याने वस्तीचं जगणं विस्कळित करणारं प्रदूषण एका दिवसात केलं, तर पहिल्या दिवसासाठी कमाल दंड १ लाख डॉलरपर्यंत, अशी मूळ कल्पना. दोष सिद्ध करण्याची अट न घालता. सिनेटने ते मंजूर केलं. असेंब्लीत ते अडकलं, आणि २०१४ मध्ये सत्र संपलं तेव्हा ते बारगळलं. दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत होतं, तरीही. रिफायनरीच्या मुद्द्यावर पक्षाची ओळ सरळ नसते: त्यात नोकऱ्या असतात, पेट्रोलचे भाव असतात, आणि ज्या आमदाराच्या मतदारसंघात चिमणी नाही त्याला त्या धुराची निकड वाटत नाही.

इथे मला जिल्ह्याच्या बाजूचीही एक उणीव दिसते. पहिल्या फेरीत युक्तिवाद प्रामुख्याने रकमेचा होता, दहा हजार विरुद्ध एक लाख. हा वाद मांडला की समोरचा लगेच ‘अपघाताला शिक्षा कशाला’ म्हणतो, आणि चर्चा तिथे थांबते. त्या १५,००० माणसांचा श्वास कायद्याच्या वाक्यात कुठेच नव्हता. दंड ठरवताना आरोग्यावरचा परिणाम न्यायाधीशाने बघितलाच पाहिजे, ही ओळ पुढे बऱ्याच काळाने आली.

देणं आणि घेणं

२०१७चा उन्हाळा या कथेत आडवळणासारखा वाटेल, पण तो टाळता येत नाही. राज्याचा कार्बन व्यापार, कॅप-अँड-ट्रेड (एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालून त्याचे परवाने कारखान्यांनी विकत घ्यायचे), २०२० नंतर पुढे चालू ठेवायचा होता. त्यासाठी एबी ३९८. सोबतीला असेंब्ली सदस्य क्रिस्टिना गार्सिया यांचं एबी ६१७, प्रदूषणाने गांजलेल्या वस्त्यांसाठी. दोन्ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कायदा झाली.

एबी ६१७ने जिल्ह्यांना पुष्कळ दिलं. तळाच्या पायरीवरचा १,००० डॉलरचा दंड ५,००० झाला, आणि सगळ्या कमाल दंडांना महागाई निर्देशांकाशी बांधलं, म्हणजे दरवर्षी ते थोडे वर सरकतील. वस्त्यांमध्ये हवा मोजायची, वस्तीसोबत बसून योजना करायची, ही जबाबदारीही आली. पुढच्या वर्षी निवडलेल्या पहिल्या दहा वस्त्यांत रिचमंड आणि वेस्ट ओकलंड ही दोन बे एरियातली होती.

पण त्याच आठवड्यात एबी ३९८ने एक गोष्ट काढून घेतली. कॅप-अँड-ट्रेडखाली येणाऱ्या कारखान्यांच्या कार्बन डायऑक्साइडवर हवा-जिल्ह्यांना स्वतःचा नियम करता येणार नाही, असं त्यात लिहिलं. बे एरिया जिल्ह्यात रिफायनऱ्यांच्या उत्सर्जनावर कमाल मर्यादा घालण्याच्या नियमावर तेव्हा कित्येक वर्षं काम चालू होतं, पर्यावरण संघटना त्यासाठी सभा भरवत होत्या. एका कलमाने ते संपलं. म्हणून एखाद्या जिल्ह्याच्या विधिमंडळातल्या कामाचं मोजमाप फक्त ‘किती विधेयकं पास करवून घेतली’ यावर करू नये असं मला वाटतं. विधिमंडळाने जिल्हा जन्माला घातला, तर त्याचे हातही तेच बांधू शकतं.

नियमांच्या बाजूनेही लढाई चालूच होती. जुलै २०२१ मध्ये जिल्ह्याने कॅटॅलिटिक क्रॅकरमधून निघणाऱ्या बारीक कणांवर कडक नियम केला. शेव्हरॉन आणि मार्टिनेझची रिफायनरी दोघींनी कोर्टात आव्हान दिलं. लक्षात घ्या, पुढे थँक्सगिव्हिंगच्या रात्री धूळ उडाली ती याच यंत्रातून. तो वाद फेब्रुवारी २०२४ मध्ये मिटला. कंपन्यांनी दावे मागे घेतले. त्याच वेळी शेव्हरॉनने जुन्या ६७८ उल्लंघनांच्या नोटिसांपोटी २ कोटी डॉलर दंड कबूल केला. भागून पाहिलं तर नोटिशीला साडेएकोणतीस हजार डॉलर.

दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा

२०२२ मध्ये जिल्ह्याने पुन्हा विधेयक आणलं, एबी १८९७. या वेळी मांडणाऱ्या बफी विक्स, रिचमंड परिसराच्या असेंब्ली सदस्य. रिफायनऱ्यांच्या दंडाची मर्यादा वाढवायची होती. तेही कायद्यापर्यंत पोचलं नाही. ३१ ऑगस्टला सत्र संपलं.

नोव्हेंबरात मार्टिनेझवर धूळ पडली.

मधे तीन महिनेसुद्धा नाहीत. मी जेव्हा या तारखा एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा त्या रात्री बाहेर अंथरलेल्या चादरीवर काय पडलं असेल, याचाच विचार मनात राहिला. धूळ पडल्यावर मात्र एक गोष्ट बदलली: मार्टिनेझचे लोक स्वतः संघटित झाले. ‘हेल्दी मार्टिनेझ’ नावाचा गट उभा राहिला. काउंटीच्या सभांना, जिल्ह्याच्या बैठकांना, विधिमंडळाच्या समित्यांपुढे माणसं जाऊ लागली. आता साक्षीत केवळ टक्के आणि टन नव्हते. वाफा होता, नातवंडं होती, ‘आम्हाला कळवलं का नाही’ हा प्रश्न होता. माझ्या वाचनात, २०१३ आणि २०२४मधला मोठा फरक हाच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्स यांनी एबी १४६५ मांडलं, स्पॉन्सर पुन्हा एअर डिस्ट्रिक्टच. कॅलिफोर्नियाचं सत्र दोन वर्षांचं असतं, आणि या विधेयकाने ती दोन्ही वर्षं घेतली. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सही केली. रिचमंडच्या आगीला तेव्हा १२ वर्षं होऊन गेली होती.

कायद्यात आता असं आहे: टायटल फाइव्ह परवान्याच्या कारखान्यातून प्रदूषण झालं आणि त्यात राज्याने विषारी म्हणून ठरवलेला एखादा घटक असेल, तर दंडाची कमाल मर्यादा तिप्पट होऊ शकते. शिवाय दंड ठरवताना आरोग्यावरचा परिणाम आणि वस्तीच्या जगण्यात झालेला व्यत्यय विचारात घ्यायचा आहे. पहिल्या विधेयकातला १ लाख डॉलरचा आकडा राहिला नाही. तिप्पट हा शब्द ऐकायला मोठा; महागाईची वाढ सोडली तर १०,०००चे ३०,००० होतात, म्हणजे वरच्या हिशेबाने चार मिनिटांचं कच्चं तेल. पण गुणाकार शिडीच्या वरच्या पायऱ्यांनाही लागू होतो, आणि निष्काळजीपणा सिद्ध झालेल्या प्रकरणात ते वजन खरं जाणवेल. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी ओळ. आजवर दंडाची मर्यादा ‘किती दिवस’ यावरच ठरे, आरोग्याचा असा थेट उल्लेख नव्हता. आता दारात वास घेऊन गेलेल्या इन्स्पेक्टरने टिपलेली तक्रार, दवाखान्यातली नोंद, शाळा बंद ठेवल्याचं पत्र यांनाही कोर्टात थेट जागा आहे.

विषारी घटकाची अट मात्र मला खटकते. त्या अटीमुळे सिद्ध करण्याचं ओझं पुन्हा जिल्ह्याकडे येतं. त्या रात्रीचे नमुने, लवकर, योग्य ठिकाणी आणि योग्य पद्धतीने गोळा झाले पाहिजेत. कंपनीने कळवलंच नाही, तर नमुना घ्यायला माणूस पोचणार कधी? मार्टिनेझमध्ये २०२२ला नेमकं हेच घडलं होतं.

कायदा लागू झाला १ जानेवारी २०२५ला. बरोबर एक महिन्याने, १ फेब्रुवारीच्या शनिवारी दुपारी, मार्टिनेझच्या त्याच रिफायनरीत देखभालीच्या कामात नळीचा जोड उघडताना हायड्रोकार्बन गळलं आणि आग लागली. ती विझायला काही दिवस गेले. या वेळी काउंटीची इशारायंत्रणा वाजली, घरात थांबा, दारं-खिडक्या बंद ठेवा, असे संदेश फोनवर आले.